सनद आणि खतावणी

बारावीचा निकाल लागला की चंद्रपूर-गडचिरोलीकडील पुष्कळ घरांत हल्ली असा विचार सुरू होतो की, कायदा आणि व्यवसाय-व्यवस्थापन या दोन्ही विद्या एकत्र शिकविणारी बी.बी.ए. एलएल.बी. ही पाच वर्षांची जोडपदवी मुलांना घ्यावयास लावावी, की एकाच विद्येची कास धरावी. आधी तीन वर्षांची पदवी आणि मग तीन वर्षांचा कायदा, या जुन्या मार्गाला सहा वर्षे लागत. जोडपदवीने त्यांतले एक वर्ष वाचते, हा तिचा उघड लाभ होय. पण पदवीचे खरे मोल वाचलेल्या वर्षात नसून, या दोन विद्या एकाच माणसापाशी असण्याची गरज कोठे पडते, यात आहे.

ती गरज पाहावयाची तर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाकडे पाहावे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरील हक्क त्याला मान्य झाला. तरीही बांबू विकता येईना. कारण १९२७ च्या वन कायद्याने बांबूला वृक्षांत गणले होते, आणि नव्या कायद्याने त्याला गौण वनोपज ठरविले असतानाही वाहतूक परवाना देण्यास वनखाते राजी नव्हते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले व परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती, गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्याकडे, सुपूर्द झाले. कायद्याचे काम येथे फत्ते झाले. मात्र माल कोणाला, कोणत्या दराने विकावा आणि आलेल्या रकमेचा जमाखर्च कसा ठेवावा, हे प्रश्न त्याच दिवसापासून सुरू झाले.

तेंदूपानांच्या हंगामात हे अधिकच स्पष्ट होते. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक गोणी, या मापाने ग्रामसभा व कंत्राटदार यांच्यात सौदा ठरतो. माल उचलण्यापूर्वी किती रक्कम भरावयाची, अनामत केव्हा जप्त व्हावी, तंटा कोणासमोर न्यावा, ही कलमे करारनाम्यात घालावयास कायदा जाणणारा हवा. आणि पुढे केलेला दर बाजारभावाला धरून आहे की नाही, हे ओळखावयास व्यापार जाणणारा हवा. कोळसा, सिमेंट वा सूरजागडचे लोहखनिज काढणाऱ्या कंपन्यांपाशी वकील आणि व्यवस्थापक दोन्ही पगारी असतात. ग्रामसभेपाशी बहुधा दोन्ही नसतात. त्या बाजूला बसणारा एक माणूस दोन्ही जाणत असेल, तर त्याची किंमत फार मोठी आहे.

तथापि एक मर्यादा ध्यानी ठेवावी. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सनद चालू असताना वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. म्हणजे पदवी जोड असली तरी पेशा एकच निवडावा लागतो. ज्याला दिवाणी-फौजदारी दावे किंवा महसुली प्रकरणे चालवावयाची आहेत, त्याला विपणनाच्या धड्यांहून ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली दावा-कैफियत लिहिण्याचा सराव अधिक उपयोगी पडेल. त्याने भारी शुल्काच्या खासगी जोडपदवीसाठी कर्ज काढू नये. शिवाय व्यवस्थापनाची ही केवळ पहिली पदवी आहे, एम.बी.ए.ची जागा ती घेत नाही.

माझे मत असे की, करारनामा आणि खतावणी जेथे एकाच मेजावर उघडली जाते तेथे बसण्याचा ज्यांचा निश्चय आहे, त्यांनीच ही पदवी घ्यावी. इतरांनी कायदा पक्का करावा. आणि ज्यांनी ती घेतली, त्यांनी नागपूर-मुंबईच्या कचेऱ्यांत जाण्यापूर्वी एक हंगाम तरी आपल्या जिल्ह्यातील एखाद्या ग्रामसभेचा करारनामा वाचून द्यावा.