समलिंगी विवाहाची कायदेशीर मान्यता आणि जनमत : आयर्लंड व तैवान यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

वारसाहक्क, दत्तकविधान, जोडीदाराच्या उपचारांविषयीचे निर्णय अशा अनेक बाबी विवाहाच्या कायदेशीर मान्यतेशी निगडित असतात. समलिंगी जोडप्यांना ही मान्यता देण्याचा प्रश्न येताच 'समाजाची अद्याप तयारी नाही' असा आक्षेप घेतला जातो. आधी जनमत बदलते की कायदा, याचा विचार प्रस्तुत लेखात दोन देशांच्या अनुभवावरून केला आहे.

आयर्लंड : जनमताकडून कायद्याकडे

कॅथलिक परंपरेच्या या देशात पुरुषांमधील समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हा मानले जात. २०१३ मध्ये सामान्य नागरिकांचे बहुमत असलेल्या घटनाविषयक अधिवेशनाने समलिंगी विवाहाची शिफारस केली. जानेवारी २०१५ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. त्यांचे पितृघराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे आहे. २२ मे २०१५ रोजीच्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी घटनादुरुस्तीस अनुकूल कौल दिला. दीर्घ चर्चेने मत घडले व मताने कायदा घडवला.

तैवान : न्यायालयाकडून कायद्याकडे

तैवानमध्ये क्रम उलटा होता. मे २०१७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाह नाकारणे घटनाबाह्य ठरवून दुरुस्तीसाठी दोन वर्षांची मुदत दिली. मात्र नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मतदारांनी, नागरी संहितेतील विवाह स्त्री-पुरुषांपुरताच असावा, असे मत दिले. विधिमंडळाने संहितेला हात न लावता १७ मे २०१९ रोजी स्वतंत्र कायदा संमत करून निर्णय व कौल यांत मेळ घातला. त्यानंतरच्या शासकीय पाहण्यांत समलिंगी विवाहाला असलेला पाठिंबा वाढत जाऊन निम्म्यापलीकडे गेला.

भारतीय संदर्भ

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने विवाहाचा मूलभूत हक्क नसल्याचा निर्वाळा दिला व कायदा करण्याचा विषय विधिमंडळाच्या कक्षेत ठेवला. त्याच वर्षीच्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत भारतातील ५३ टक्के प्रौढांनी अनुकूलता, तर ४३ टक्क्यांनी प्रतिकूलता दर्शविली. पाहणीतील उत्तर म्हणजे मतदान नव्हे. तथापि समाज एकमुखाने विरोधी आहे, हे गृहीतकही टिकत नाही.

निष्कर्ष

जनमत ही स्थिर वस्तू नाही. प्रश्नाची शब्दरचना, सार्वजनिक चर्चा व प्रत्यक्ष कायदा यांनी ते घडत जाते. म्हणून 'समाजाची तयारी' ही कायद्याची पूर्वअट मानता येत नाही. शिवाय अल्पसंख्यांचे हक्क बहुसंख्यांच्या संमतीवर सोपवावेत काय, या प्रश्नाचे उत्तर कोणतीही टक्केवारी देऊ शकत नाही.