भीतीचा सराव
लेखमाला : चिंतेची ओळख, भाग ६

ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळली की तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं वाटतं आणि भीती मात्र आणखी मुरत जाते, हे गेल्या भागात आपण पाहिलं. तोच धागा धरून आज एक वेगळा प्रश्न घेऊ. एरवी अनोळखी नंबरवरून फोन आला तरी ज्यांच्या छातीत धस्स होतं, अशी काही तरुण मुलंमुली रात्री हेडफोन लावून भुताखेतांचे, ओसाड वाड्यांचे व्हिडिओ गेम खेळतात आणि ‘यानं डोकं शांत होतं’ असं सांगतात. घरच्यांना ते पटत नाही. आधीच घाबरणाऱ्या पोरानं वर पुन्हा मुद्दाम घाबरून घ्यायचं कशाला? मला मुलांच्या म्हणण्यात तथ्य दिसतं. ते नेमकं कशात आहे आणि कुठे संपतं, हे मात्र नीट तपासायला हवं.

आधी हे गेम असतात कसे, ते पाहू. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सनं २०१० मध्ये ‘अ‍ॅम्नेशिया : द डार्क डिसेंट’ आणला. त्यात खेळणाऱ्याच्या हातात शस्त्रच नाही. राक्षस आला की पळायचं, कपाटात लपायचं, श्वास रोखून थांबायचं. अंधारात फार वेळ उभं राहिलं की पात्राचं मानसिक संतुलन ढळू लागतं, आणि दिवा लावावा तर तेल मोजकंच. नारायण धारपांची कादंबरी वाचताना तळघराचं दार कथेतलं पात्र उघडतं, आपण पान उलटतो. इथे ते दार आपल्यालाच उघडावं लागतं, आणि आपण उघडेपर्यंत गोष्ट पुढे सरकत नाही. म्हणून गेममधली भीती जास्त अंगावर येते. पण त्याच कारणानं ती आपल्या हातातही राहते. कधी पुढे जायचं, कधी थांबायचं, कधी गेम बंद करून पाणी प्यायचं, हे खेळणारा ठरवतो.

कॅपकॉमच्या १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये तर यासाठी खास खोल्या आहेत. तिथे एक टाइपरायटर असतो, त्यावर आपली प्रगती नोंदवून ठेवता येते. संगीत मंद होतं, झॉम्बी आत येत नाहीत. खेळणारे तिथे रेंगाळतात, सामानाची फेरजुळणी करतात आणि दम खाऊन पुन्हा बाहेर पडतात. भीतीजवळ जायचं, मागे यायचं, पुन्हा जायचं, अशी ही ये-जा आहे. गेल्या भागात पाहिलेल्या एक्स्पोजर उपचारात तज्ज्ञ रुग्णाकडून पायरीपायरीनं जे करून घेतो, त्याच्याशी तिचं नातं मला स्पष्ट दिसतं.

सततच्या चिंतेला असा आकार नसतो. ‘काहीतरी वाईट होणार’ एवढंच आत घुमत राहतं. काय होणार, कधी होणार आणि हे संपणार कधी, काहीच ठरलेलं नसतं. मिशेल न्यूमन आणि सँड्रा लेरा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये याबाबत एक विचार मांडला. बऱ्या मनःस्थितीतून एकदम खाली कोसळण्याचा धक्का काही जणांना सोसवत नाही, म्हणून ते काळजी करत राहून मन सतत ताणलेलंच ठेवतात, म्हणजे खरोखर काही घडलं तरी फरक फारसा जाणवू नये. हे खरं मानलं, तर भयाचा गेम अशा माणसाला नेमकी उलटी सवय लावतो. तिथे शांतता असते, अचानक दचका बसतो आणि तोही ओसरतो. शरीरातही तेच घडतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात, श्वास वर चढतो. ज्यांना पॅनिक अटॅक येतात ते याच खुणांना घाबरतात, आणि उपचारात त्या मुद्दाम निर्माण केल्या जातात : जिने भराभर चढायला लावतात, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावतात, फिरत्या खुर्चीत गरागरा फिरवतात. धडधड झाली, वाढली, आपोआप उतरली आणि आपण मेलो नाही, हे शरीराला अनुभवानंच कळावं लागतं. घरच्या खुर्चीत बसून गेम खेळतानाही त्यातलं थोडं कळत असावं, असं मला वाटतं.

पण वाटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठात इसाबेला ग्रॅनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर जे काम केलं, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांनी अभ्यासलेल्या ‘माइंडलाइट’ या गेममध्ये आर्टी नावाचा मुलगा सावल्यांनी ग्रासलेल्या वाड्यातून आजीला सोडवायला जातो. खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यावर मेंदूतल्या विद्युत हालचाली टिपणारा हेडसेट असतो. मूल शांत झालं की आर्टीच्या टोपीतला प्रकाश वाढतो, घाबरलं की मंदावतो. म्हणजे अंधारातून वाट काढायची तर घाबरलेलं असतानाच स्वतःला शांत करायला शिकावं लागतं. सांगून शिकवायला ही फार अवघड गोष्ट आहे.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चिंतेचं प्रमाण जास्त असलेल्या १३६ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एक गट ‘माइंडलाइट’ खेळला आणि दुसरा ‘मॅक्स अँड द मॅजिक मार्कर’ हा बाजारात मिळणारा साधा, रंगीत गेम. दोन्ही गटांची चिंता कमी झाली, आणि सारखीच कमी झाली. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या चाचणीत प्राथमिक शाळेतली १७४ मुलं होती. या वेळी ‘माइंडलाइट’ची तुलना सीबीटी या मानसोपचारावर आधारलेल्या कार्यक्रमाशी केली होती, आणि गेम त्याच्यापेक्षा उणा ठरला नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचायला हवेत. नुसता दुसरा वाचला तर भुताचा गेम मानसोपचाराच्या बरोबरीचा ठरतो आणि वर्तमानपत्राला मथळा मिळतो. पहिला वाचला की प्रश्न उभा राहतो : साध्या गेमनंही तेवढाच फरक पडला असेल, तर गुण अंधाराचा, हेडसेटचा, की कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय आणि यातून बरं वाटणार आहे या अपेक्षेचा? अवघड कोडी पुन्हापुन्हा हरून सोडवण्यातही मूल काही शिकत असेलच. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. मुलांना बरं वाटलं, ही गोष्ट खरी आहे. त्याचं श्रेय भीतीला देण्याची घाई मात्र करू नये.

भीतीची मात्रा किती असावी, याचं उत्तर डेन्मार्कमधून येतं, तेही गेममधून नाही तर वायले गावच्या ‘डिस्टोपिया’ या भयघरातून. ऑऱ्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मजा मधल्या टप्प्यावर सर्वांत जास्त आढळली. भीती फार कमी असली की कंटाळा आणि फार झाली की नकोसं. हा मधला टप्पा प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून मित्राला झेपलेला गेम आपल्याला झेपेलच असं नाही. कोल्टन स्क्रिव्हनर या संशोधकानं करोनाच्या साथीत केलेल्या पाहणीत भयपटांच्या चाहत्यांना मानसिक त्रास कमी जाणवल्याचं दिसलं. भयपटांमुळे या चाहत्यांची मनं घट्ट झाली की मुळात घट्ट मनाचीच माणसं भयपटांकडे वळतात, हे अशा एका पाहणीवरून ठरत नाही.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. उद्या मुलाखत आहे म्हणून आज पहाटे तीनपर्यंत गेम खेळणं ही टाळाटाळच आहे, समोर कितीही राक्षस असले तरी. राक्षसाला सामोरं जाण्यानं मुलाखतीची भीती आपोआप कमी होत नाही, कारण उपचारात भीती ज्या गोष्टीची असते त्याच गोष्टीजवळ जायचं असतं. त्यात झोप गेली की दुसऱ्या दिवशी चिंता वाढतेच. म्हणून खेळणाऱ्यानं स्वतःला विचारावं : गेम बंद केल्यावर मी टाळलेला तो फोन केला का? केला असेल, तर गेमची मदत होतेय. महिनोन्‌महिने फोन तसाच पडून असेल, तर गेम लपायची जागा झालाय.

ज्यांनी हिंसा, अपघात किंवा अत्याचार भोगला आहे, त्यांनी त्याच्याशी मिळतीजुळती दृश्यं असलेले गेम एकट्यानं खेळू नयेत. खेळून झाल्यावरही तासन्‌तास धडधड उतरत नसेल, झोपेत तीच दृश्यं येत असतील, तर तो गेम तूर्त बाजूला ठेवावा. लहान मुलांच्या बाबतीत वर उल्लेखलेले ‘अ‍ॅम्नेशिया’ आणि ‘रेसिडेंट ईव्हिल’ विचारातच घेऊ नयेत, ते मोठ्यांसाठी आहेत.

मानसोपचार चालू असेल तर हा छंद तज्ज्ञापासून लपवू नका. कोणत्या दारापाशी तुम्ही थांबता, कुठे हेडफोन काढून ठेवता, पुन्हा जायला काय उपयोगी पडतं, ही माहिती त्यांच्या फार कामाची असते आणि तीवरून तुमच्या खऱ्या भीतीच्या पायऱ्या आखता येतात. उपचार अजून सुरू केले नसतील आणि चिंतेमुळे कॉलेज, नोकरी किंवा झोप बिघडत असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.