बिबट्या किती चालला? नोंद घ्याल तसं उत्तर

जव्हार-मोखाड्याकडे पाड्याजवळ बिबट्याचे ठसे दिसले, की पहिला प्रश्न येतो, हा कायम इथेच राहतो, की वाटेनं जाता जाता आला? अभ्यासक याचं उत्तर नोंदींवरून, गणित मांडून काढतात. पण नोंदी कशा घेतल्या, यावर ते उत्तर बदलतं. ते कसं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

समजा, कुणी तुमची नोंद सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला, अशी दोनदाच घेतली. दोन्ही वेळा तुम्ही घरात. कागद म्हणेल, बाई घराबाहेर पडलीच नाही! विहिरीचं पाणी, नागलीचं शेत, लाकडाची मोळी, गटाची बैठक, सगळं गायब.

जनावराचंही तसंच. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका वाघाच्या गळ्यात २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बांधली. दर तासाला त्याची जागा उपग्रहावरून कळे. फिरत फिरत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांतल्या पाच हजारांवर नोंदी जोडल्या, तर चाल भरली सुमारे ३,००० किलोमीटर. नुसती दोन अभयारण्यं सरळ रेषेनं जोडली, तर अंतर २५० किलोमीटरच्या आत!

मग दर मिनिटाला नोंद का नको? कॉलरची बॅटरी लवकर संपते. शिवाय उपग्रहाचं मोजमाप काही मीटर इकडेतिकडे होतं, त्यामुळे झोपलेलं जनावरही कागदावर चालताना दिसतं.

नोंद कुठे घेतली, हेही महत्त्वाचं. कॅमेरे फक्त पाड्याच्या कडेला लावले, तर बिबट्या पाड्यालाच चिकटून आहे असं वाटेल, कारण रानात कुणी पाहिलंच नाही. मग पिंजऱ्याची मागणी होते. पण पकडून दूर सोडलेला बिबट्या तिथेच थांबेल असं नाही. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून वसईच्या बाजूला पोचला होता.

म्हणून गटाच्या वहीत एक पान यासाठी ठेवा. बिबट्या किंवा ठसे दिसले तर तारीख, वेळ, जागा लिहा. रानात जाऊन आलात आणि काहीच दिसलं नाही, तर तेही लिहा. ‘दिसला नाही’ हीसुद्धा नोंदच आहे. बिबट्या दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आपल्या पाड्याबद्दलचा निर्णय अर्ध्या नोंदींवर होऊ नये, एवढ्यासाठीच हे पान.