वजन कमी केलं की पकड वाढते का?

गळीत हंगामात लातूर-नांदेड भागात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर तुम्ही पाहिलाच असेल. चाक जागेवर फिरू नये म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, लोखंडी वजनं लावतात. ड्रॅग रेसवाले मात्र गाडीतून किलो-किलो वजन काढतात. मग बरोबर कोण?

दोघंही. चाकाची जास्तीत जास्त पकड म्हणजे घर्षणांक गुणिले त्या चाकावरचा भार. पण पळवायचं असतं सगळं वजन.

समजा गाडी १००० किलोची, इंजिन फिरवतं त्या मागच्या चाकांवर ५५० किलो, घर्षणांक १, इंजिनची ताकद भरपूर. सुटताना मागे सरकणारा भार सध्या सोडून द्या.

- मूळ गाडी: ५५०/१००० = ०.५५ जी
- पुढच्या चाकांवरचे १०० किलो काढले: ५५०/९०० = ०.६१ जी
- मागच्या चाकांवरचे १०० किलो काढले: ४५०/९०० = ०.५० जी

वजन तेवढंच घटलं, निकाल उलटा! ट्रॅक्टरचं बहुतेक ओझं ट्रॉलीत असतं, म्हणून तिथे मागच्या चाकांवर भार वाढवावा लागतो.

प्रपोजलमध्ये नुसतं ‘वजनाचा परिणाम’ लिहू नका. कुठलं वजन, कुठून काढलं, आणि काय गृहीत धरलं, हे आधी ठरवा. नाहीतर दोन प्रयोगांचे निकाल एकमेकांशी भांडतील आणि कारण सापडणार नाही.