गर्भाशयमुखाचा प्रगत कर्करोग व दुसऱ्या फळीची रसायनचिकित्सा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान वेळीच झाल्यास शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार यांनी रोग समूळ नाहीसा होऊ शकतो. परंतु तो पुन्हा उद्भवला, किंवा आरंभीच दूरच्या अवयवांत पसरलेला आढळला, तर बहुधा औषधांवरच भिस्त ठेवावी लागते. अशा वेळी प्रथम सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल यांची जोडी दिली जाते. शक्य तेथे तिला बेव्हॅसिझुमॅबची, व अर्बुदात पीडी-एल१ हे प्रथिन आढळल्यास पेम्ब्रोलिझुमॅबची जोड देतात. त्यानंतरही रोग वाढू लागला म्हणजे जी औषधे योजावी लागतात, ती दुसऱ्या फळीची होत.

या फळीचे सामर्थ्य मर्यादित का, याची कारणे रुग्णेच्या शरीरातच सापडतात. प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या पेशीच आता शिल्लक राहिलेल्या असतात. पूर्वी किरणोपचार झालेल्या कटिभागातील ऊती घट्ट व अल्परक्त होतात. त्यामुळे तेथे औषध पुरेसे पोचत नाही. अस्थिमज्जेचा मोठा अंश कटिभागात असल्याने किरणांनी तिचीही हानी झालेली असते, आणि रक्तपेशी लवकर घटतात. शिवाय अर्बुदाच्या दाबाने मूत्रवाहिन्या रुद्ध होऊन मूत्रपिंडे दुबळी होतात. टोपोटिकॅन व पेमेट्रेक्सेड ही औषधे बऱ्याच अंशी मूत्रावाटे बाहेर पडत असल्यामुळे त्यांची निवड व मात्रा मूत्रपिंडांची परीक्षा करूनच ठरवावी लागते.

टोपोटिकॅन, पेमेट्रेक्सेड, जेमसिटाबीन, व्हिनोरेल्बिन व इरिनोटिकॅन यांपैकी एखादे औषध एकटे देण्याचा प्रघात आहे. त्यांचे फळ किती, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीवरून कळते. ६०८ स्त्रियांच्या या चाचणीत वरीलपैकी एक औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ८.५ महिने, तर सेमिप्लिमॅब हे प्रतिकारशक्तीस चालना देणारे औषध घेणाऱ्यांचे १२ महिने होते. अर्बुद आकुंचन पावण्याचे प्रमाण अनुक्रमे ६.३ व १६.४ टक्के आढळले. टिसोटुमॅब व्हेडोटिन या औषधाच्या २०२४ सालच्या चाचणीत मध्यक आयुर्मान ९.५ वरून ११.५ महिन्यांवर गेले. मात्र या औषधाने डोळ्यांस विकार होऊ शकतो. मध्यक म्हणजे निम्म्या स्त्रिया त्याहून अधिक व निम्म्या त्याहून कमी काळ जगल्या, एवढाच अर्थ घ्यावा. त्यावरून एखाद्या रुग्णेचे भविष्य वर्तविता येत नाही. तसेच पहिल्या फळीतच पेम्ब्रोलिझुमॅब दिले गेले असल्यास त्याच जातीच्या औषधाचा पुन्हा तितकाच लाभ होईल, असे गृहीत धरता येत नाही.

लाभ महिन्यांत मोजावयाचा असेल, तर त्यांतील किती दिवस प्रवासात व रुग्णालयात जातात, हा प्रश्न गौण राहत नाही. तापी-पूर्णा संगमाजवळच्या मुक्ताईनगर तालुक्यातील रुग्णेस मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय चारशे किलोमीटरांहून अधिक दूर पडते. टोपोटिकॅन दर एकवीस दिवसांच्या चक्रात लागोपाठ पाच दिवस शिरेतून द्यावे लागते. जेमसिटाबीन सामान्यतः पहिल्या व आठव्या दिवशी. पेमेट्रेक्सेड एकाच दिवशी, परंतु त्यासोबत फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व आवश्यक असते. परिणामकारकतेत मोठे अंतर नसलेल्या औषधांतून निवड करताना हे वेळापत्रकही निर्णायक ठरू शकते. सेमिप्लिमॅबही तीन आठवड्यांतून एकदाच द्यावयाचे असते; पण त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे.

म्हणूनच वेदनाशमन, रक्तस्रावाचे नियंत्रण व मूत्रमार्गाची शुश्रूषा ही औषधे संपल्यावर उरणारी कामे नव्हेत. ती पहिल्या दिवसापासूनची चिकित्सा होय. अंथरुणास खिळलेल्या रुग्णेस नवे औषध न देणे हाही विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय असू शकतो, आणि तो रुग्णेशी मोकळेपणाने बोलूनच घेतला पाहिजे.

या रोगावरचा खरा विजय मात्र पहिल्या फळीच्याही अलीकडे आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या अभ्यासात विषाणूच्या एकाच तपासणीने या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे २००९ साली सिद्ध झाले. दुसऱ्या फळीचे कोणतेही औषध आजवर एवढे साधू शकलेले नाही.