तीन इंचांची गोष्ट

उंची वाढवता येत नाही, हे मान्य. पण आहे ती सूटने कमी का करावी?

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मास कॉमच्या शेवटच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवशी काढलेला. कोट चुलतभावाचा, टाय बाबांचा आणि आत्मविश्वास कुणाचाच नाही! बाही अर्ध्या तळहातावर आलेली, खांदे माझ्या खांद्यांच्या पुढे दोन बोटं निघालेले. पॅनलवरच्या एका सरांनी हसत विचारलं, ‘‘भाऊ बाहेर थांबलाय का? नाही, त्याचा कोट आत आलाय म्हणून विचारलं.’’ सगळे हसले. मीही हसलो. नोकरी मिळाली नाही. ती कोटामुळेच गेली असं नाही म्हणणार, पण त्यानंतर सहा वर्षं मी सूट नावाच्या प्रकरणाच्या वाटेला गेलो नाही. फ्रीलान्स पत्रकाराला जीन्स आणि कुर्ता पुरतो, एवढं एक बरंय.

मग गेल्या डिसेंबरात लग्न ठरलं. मी पाच फूट चार इंच. ती पाच फूट साडेपाच. दोघांना त्याचं काही नव्हतं, पण नातेवाईक कशासाठी असतात? ‘‘मुलगी छान आहे हो, जरा उंच वाटते का?’’ हे एका मावशीने साखरपुड्यात विचारलंच. मित्रांनी धीर दिला, ‘‘अरे, सचिन पाच फूट पाच इंच आहे, शंभर इंटरनॅशनल सेंच्युऱ्या मारल्या त्याने!’’ खरं आहे. पण मला बॅटिंग करायची नव्हती. रिसेप्शनच्या स्टेजवर तिच्या शेजारी तीन तास उभं राहायचं होतं.

मग मी दोन गोष्टी केल्या. एक, आतून उंच टाचेचे बूट मागवले, दोन इंच वाढवणारे. दुसरी जास्त वाईट. तिला सहज म्हटल्यासारखं म्हणालो, ‘‘रिसेप्शनला फ्लॅट्स घालशील?’’ ती क्षणभर थांबून ‘‘बरं’’ म्हणाली. साडीवर घालायला तिने हील्स आधीच घेतल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

बॉईज सेक्शन डावीकडे!

सूट शोधायला आधी मॉलमध्ये गेलो. एका चकाचक शोरूममधल्या सेल्समनने मला वरून खाली पाहिलं आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, ‘‘सर, बॉईज सेक्शन डावीकडे आहे.’’ बॉस, मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. मला दाढी आहे!

छातीच्या मापाने ३८ नंबरचा कोट घातला. छातीला बरोबर, बाकी सगळीकडे मोठा. ३६ घातला तर बटण लागेना. ट्रायल रूमच्या आरशासमोर आपण काय ठरवतो? दोष माझा आहे. माझंच माप चुकलंय.

इथेच आपली गल्लत होते. रेडीमेड कोटावरचा नंबर फक्त छाती सांगतो. परदेशात त्याच ३८ नंबराचे शॉर्ट, रेग्युलर आणि लाँग असे वेगवेगळ्या लांबीचे कोट मिळतात. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत मात्र रेग्युलरच टांगलेला असतो. गंमत बघा, भारतीय पुरुषाची सरासरी उंची साधारण १६५ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंचांच्या आसपास. म्हणजे ‘बुटका’ म्हणून आरशासमोर खट्टू होणारा मी सरासरीपेक्षा जेमतेम एक इंच कमी! आपल्या मापांचे तक्ते बराच काळ अमेरिका आणि ब्रिटनच्या मापांवर बेतलेले राहिले. म्हणून तर निफ्टने ‘इंडियासाइज’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. २०१८ साली त्याची घोषणा झाली. सहा शहरांत पंचवीस हजारांहून जास्त लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, असा तो बेत. आपल्या अंगाला आपला तक्ता हवा, हे सरकारलाही पटलं. मला पटायला एक टेलर लागला.

मास्टरांचा टेप

पुण्यात कॅम्पातल्या एका गल्लीत जुनं टेलरिंगचं दुकान आहे. मास्टर सत्तरीचे, गळ्यात टेप, कानावर खडू. मी मॉलमधून आणलेला कोट घालून दाखवला आणि विचारलं, ‘‘मास्टर, यात उंच दिसेन असं काही करता येईल?’’

त्यांनी उत्तरच दिलं नाही. मागे येऊन मानेच्या हाडापासून जमिनीपर्यंत टेप सोडला. ५४ इंच. मग कोटाची लांबी मोजली. ३०.

‘‘साहेब, कोट याच्या निम्मा पाहिजे. सत्तावीस. तुम्ही तीन इंच जास्तीचे घालून फिरताय. पाय आखूड नाहीत तुमचे, कोटाने खाल्लेत.’’

दोन इंचांसाठी मी बूट मागवले होते, आणि इथे कोटच तीन इंच गिळून बसला होता!

हा कोट कापता येईल का, विचारलं. मास्टर म्हणाले, अर्धा-पाऊण इंच चालेल, त्याहून जास्त कापला तर खिसे खाली लोंबल्यासारखे दिसतात आणि बटणांची जागा चुकते. खांदा तर उघडूच नका. बाही, कंबर, पँटची लांबी हे सगळं ऑल्टर होतं. खांद्याला हात लावायचा म्हणजे अर्धा कोट नव्याने शिवायचा. कोट परत केला आणि मास्टरांकडे नवा शिवायला टाकला.

काय बदललं?

पुढचे तीन आठवडे मी दोनदा ट्रायलला गेलो. पहिल्यांदा कोट कच्च्या टाक्यांवर होता, बाह्यासुद्धा टाचलेल्या. प्रत्येक वेळी मास्टर काय करतात आणि का, ते विचारत राहिलो. पत्रकारितेची सवय!

मुंढा वर घेतला. खाली उतरलेल्या मुंढ्याने हात उचलला की अख्खा कोट वर येतो आणि माणूस पोत्यात घातल्यासारखा दिसतो. खांद्यात पॅड अगदी पातळ. जाड पॅडने रुंदी वाढते, आणि रुंदी वाढली की उंची आपोआप कमी वाटते. बटणं दोनच, आणि वरचं बटण नेहमीपेक्षा जरा वर. त्यामुळे कंबर वर दिसते आणि खाली पायांना जागा मिळते. बाही मनगटाच्या हाडाशी थांबली, शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर.

पँटवर आमचं जोरदार भांडण झालं. मला लो-वेस्ट हवी होती. मास्टर म्हणाले, ‘‘कंबर खाली नेली की पाय तिथूनच मोजले जातात. मग मला बोलू नका.’’ शेवटी पँट कमरेवर बसली. खाली बुटावर चुण्यांचा ढीग नाही, जेमतेम टेकते. पायाची घडीही नाही, कारण त्या आडव्या पट्टीने पाय तिथेच कापल्यासारखा दिसतो.

कापड गडद नेव्ही ब्लू, कोट-पँट एकाच तागातून. वर-खाली वेगळे रंग घेतले की नजर बरोबर मधे अडखळते. जाड बकलचा चमकता पट्टाही तेच करतो. टाय थोडी निमुळती. बाजारातली टाय बहुतेक ५७-५८ इंचांची, ती आपल्यासारख्यांच्या बकलखाली लोंबते. मास्टरांनी मागच्या बाजूने चक्क आखूड करून दिली. टाय ऑल्टर होते, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं!

दुसऱ्या ट्रायलला आरशात पाहिलं. मी उंच झालो नव्हतो. पाच फूट चार इंचच होतो, पण पूर्ण पाच फूट चार. कुणाचा कोट मागून आणलेला मुलगा दिसत नव्हता, एवढंच. मास्टर मागून म्हणाले, ‘‘सूट उंची देत नाही साहेब. फक्त चोरायची नाही, एवढं बघायचं.’’

आणि त्या हील्स

दुकानातून बाहेर पडल्यावर तिला फोन केला. म्हटलं, ‘‘हील्स घाल.’’ ती म्हणाली, ‘‘नक्की? मग तीन-साडेतीन इंचांचा फरक पडेल.’’ म्हटलं, ‘‘पडू दे. आणि सॉरी.’’ पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाली, ‘‘तुला सूट बरा बसलेला दिसतोय.’’

ते उंच टाचेचे बूट परत पाठवले. रिसेप्शनला साधे काळे लेदरचे घातले. मावशी स्टेजवर आल्या, मी श्वास रोखला. त्यांनी माझ्या कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, ‘‘कुठे शिवलास रे? आमच्या ह्यांनाही एक हवाय.’’

फोटोत ती माझ्यापेक्षा उंच दिसते. आहेच ती उंच!

घेताना एवढं बघा

* आधी खांदा. शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावरच संपली पाहिजे. नसेल तर कोट परत ठेवा, ऑफर कितीही भारी असो.
* मानेच्या हाडापासून जमिनीपर्यंत मोजा आणि निम्मं करा. कोटाची लांबी साधारण तेवढी.
* दुकानात ‘शॉर्ट’ लांबी आहे का, हे विचारा. ते शर्टाचं ‘स्मॉल’ नाही, लाजायचं कारण नाही.
* रेडीमेडच घ्यायचा असेल तर ऑल्टरेशनचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.
* रेघा हव्यातच? उभ्या आणि बारीक. मोठे चौकडे टाळा.
* बंदगळाही उत्तम पर्याय. गळ्यापासून खालपर्यंत एकच सरळ रेषा मिळते, टायची कटकट नाही.
* शिवून घेणार असाल तर कार्याच्या निदान महिनाभर आधी जा, आणि कच्ची ट्रायल चुकवू नका. जे बूट त्या दिवशी घालणार, तेच घालून जा.