चेक इंजिनचा पिवळा दिवा

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभी असलेली पीयूसीची व्हॅन महाराष्ट्रात सगळ्यांच्या ओळखीची आहे. सायलेन्सरमध्ये नळी जाते, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि काही मिनिटांत दाखला हातात पडतो. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीत धुराचा काळेपणा. नायट्रोजनची ऑक्साइडे या तपासणीत मोजलीच जात नाहीत. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना हा दाखला वर्षभर चालतो.

मग वर्षभर गाडीच्या धुरावर लक्ष कोण ठेवतं? स्टिअरिंगमागचा, इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा. पुष्कळ मालक त्याला इंजिनाचं दुखणं समजतात आणि गाडी नीट पळतेय म्हणून दुर्लक्ष करतात. पण तो मुळात धुरासाठीच जन्माला आला.

त्याचं जन्मस्थान कॅलिफोर्निया. लॉस एंजेलिसवर साचणारं, डोळे झोंबवणारं धुरकं मोटारींच्या धुरावर ऊन पडून तयार होतं, हे १९५०च्या दशकात आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. पुढे त्या राज्याने १९८८च्या मॉडेलपासून गाड्यांना स्वतःची तपासणी स्वतः करायला लावली. तेव्हा प्रत्येक कंपनीचा प्लग वेगळा आणि कोडही वेगळे. १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना या स्वयंतपासणीची पुढची आवृत्ती, ओबीडी-२, आली: सोळा पिनांचं एकच सॉकेट, एकच कोडभाषा. आज नाशिकच्या गॅरेजात मिस्त्री स्टिअरिंगखाली ज्यात स्कॅनर लावतो, ते सॉकेट हेच.

या पहाऱ्याची पद्धत सुरेख आहे. धुरातले घातक वायू निवळवणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. पुढच्याचं माप सतत वरखाली होतं. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागच्याचं जवळजवळ स्थिर राहतं. मागचाही पुढच्यासारखाच हलू लागला, की कन्व्हर्टर थकला असं संगणक ठरवतो आणि पी०४२० हा कोड नोंदवतो. एकदा शंका आली म्हणून तो सहसा लगेच दिवा लावत नाही; पुढच्या फेरीतही तेच दिसावं लागतं. इंजिन जोरात मिस मारत असेल तर मात्र दिवा थेट लुकलुकतो. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महाग धातूंचा हा भाग. नवा बसवायचा तर खिसा रिकामा होतो.

कॅलिफोर्नियात २०००पासूनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये २०१५पासून नळी घालतच नाहीत. सॉकेटला यंत्र जोडतात. दिवा लागलेला असेल तर गाडी नापास. बॅटरी काढून कोड उडवला तरी सुटका नाही, कारण त्याबरोबर संगणकाच्या पूर्ण झालेल्या चाचण्याही पुसल्या जातात, आणि त्या अपुऱ्या आहेत हे यंत्राला लगेच कळतं.

अर्थात, कंपनीने शिकवलं तेवढंच संगणकाला ठाऊक असतं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरत होतं, हे सप्टेंबर २०१५मध्ये जगजाहीर झालं. पश्चिम व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजणीची उपकरणं गाडीत ठेवून ती रस्त्यावर पळवली होती, म्हणून सुगावा लागला. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने चाचण्या केल्या आणि त्या डिसेंबरात कंपनीने इथल्या सुमारे ३.२३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. म्हणून रस्त्यावरची मोजणी हवीच, आणि एप्रिल २०२३पासून बीएस-६च्या दुसऱ्या टप्प्यात ती आपल्याकडेही आली.

मात्र नव्या गाडीवर एवढी मेहनत घेऊन पुढे दहा-पंधरा वर्षं तिच्या संगणकाला काहीच विचारायचं नाही, हे पटत नाही. आपल्याकडे बीएस-४ मोटारींना एप्रिल २०१३पासून ओबीडी-२ आहे. तरीही पिवळा दिवा ढळढळीत पेटलेली गाडी पीयूसीत पास होऊ शकते. नळीच्या जोडीला स्कॅनर लावणं नियमात यायलाच हवं.

तोवर एवढं करा. दिवा लुकलुकला तर वेग कमी करा, गाडी दामटू नका आणि गॅरेज गाठा. कोड उडवण्याआधी मिस्त्रीकडून त्याचा क्रमांक लिहून घ्या. आणि जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर हा दिवा क्षणभर लागतो का, ते बघा. लागलाच नाही, तर तो का बंद केला आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.